बोटभर चिकटपट्टी

नागपूरच्या माणसाला ऊब विकायची म्हणजे काय गंमत असते, हे माझ्याइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असेल. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी मोटरसायकलवरून हिंगण्याच्या कारखान्यात जायचो आणि दिवसभर हीटर तपासत बसायचो. आमच्या गोळीबार चौकातले लोक विचारायचे, "काय बनवता गा तुम्ही तिथं?" मी म्हणायचो, "बाळांना गरम ठेवायच्या मशिनी." "नागपुरात?" असं म्हणून समोरचा जो हसायला लागायचा, तो पार पानठेल्यापर्यंत हसत जायचा.

मी चिडायचो. स्वभावच तसा. मग त्याला ठेल्यावर गाठून समजावून सांगायचो. बाळ नऊ महिने आईच्या पोटात उबेत असतं. बाहेर येतं ते ओलंचिंब. त्यात दिवस भरायच्या आधी आलेलं, दीड-दोन किलोचं बाळ असेल तर अंगावर चरबी नाही, थरथरून स्वतःला गरम करायची ताकद नाही. बाहेर शेहेचाळीस अंश असोत, दवाखान्यातल्या कूलरच्या हवेत ते बाळ गार पडतं. गार पडलं की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडतं, आणि मग हातातून जातं. एवढं ऐकल्यावर माणूस हसायचा थांबायचा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचा.

आमचं यंत्र, म्हणजे वॉर्मर, दिसायला साधं. वर हीटर, खाली उघडी गादी, मध्ये बाळ. सगळी करामत एका वायरीत. तिच्या टोकाला टिकलीएवढी चकती असते, तिला प्रोब म्हणतात. ती बाळाच्या पोटावर चिकटवायची. ती पोटाचं तापमान यंत्राला कळवते. साडेछत्तीसच्या खाली गेलं की हीटर वाढतो, वर गेलं की कमी होतो. आणि काही बिनसलं की यंत्र वाजतं. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं वाजतं.

कारखाना तसा लहानच. आमचे साहेब इंजिनियर, टिनाच्या शेडमध्ये दोन माणसांवर त्यांनी काम सुरू केलं, त्यातला एक मी. आयटीआय झालेला, विणकराचा पोरगा. मशीन बनवायचं, तपासायचं, नेऊन बसवायचं आणि बिघडलं की शिव्या खायला जायचं, ही सगळी कामं माझीच. शेडची पुढे इमारत झाली, कावीळ झालेल्या बाळांसाठीचे निळे दिवे आले, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र आलं. पण माझा जीव वॉर्मरवर.

आमच्याकडे एक रीत होती. शिलाई विभागातल्या बायकांनी कापडाची एक बाहुली शिवली होती, पोटात पाण्याची पिशवी असलेली. नाव बबली. कुठलंही वॉर्मर बबली त्याच्यावर दोन तास झोपल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नसे. बायका तिच्याशी रोज बोलायच्या. "झोप वं बबले, आज तुले तीन गाद्या हायेत." एकदा साहेबांनी परदेशातून तपासणीचं महागडं उपकरण आणलं, तरी बबलीची नोकरी कायम राहिली.

बाहेरच्या जगात मात्र आमच्या यंत्रांचं काय काय व्हायचं, ते बबलीला कधी कळलं नाही. एका डॉक्टरांनी उद्घाटनाचा नारळ थेट वॉर्मरच्या चाकावरच फोडला. नारळ फुटला नाही, चाक फुटलं. निळ्या दिव्याखाली नातवाला ठेवलेलं पाहून एका आजीने माझा हात धरला, "पोरगं निळं तर नाही पडणार ना, बाप्पा?" मी म्हटलं, "नाही पडणार." तिला तेवढ्याने पटलं नाही. दिवा काढेपर्यंत ती बाजूला बसून त्याच्या नखांचा रंग पाहत राहिली. आणि एका दवाखान्यात तर वॉर्मरच्या गादीवर जेवणाचा डबा होता, डब्याला व्यवस्थित प्रोब चिकटवलेला, तापमान साडेछत्तीस. मी कपाळाला हात लावला. पण मनात म्हटलं, प्रोब लावायला तरी शिकले.

असे किस्से सांगून मी आजवर खूप टाळ्या मिळवल्या. एक मात्र सांगायचं टाळत आलो. निवृत्त होऊन वर्ष झालं, आता सांगतो.

रामटेकचा डोंगर मागे टाकून आणखी तासभर गेलं की लागणाऱ्या एका गावातला तो दवाखाना. नाव सांगत नाही. तिथे आमचं वॉर्मर नुकतंच बसवलं होतं. बाळांचा वॉर्ड सांभाळायच्या शेंडे सिस्टर. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. ऐन मे महिन्यात त्यांचा फोन आला, "नंदनवारभाऊ, तुमची मशीन सारखी वाजून राहिली. या अन् पाहा."

गेलो. यंत्र ठीक होतं. प्रोबची चिकटपट्टी सुटत होती. घरून आलेल्या आज्या सिस्टरांची पाठ फिरली की बाळाच्या पोटाला तेल चोळायच्या. तेलावर पट्टी टिकायची नाही. प्रोब सुटून गादीच्या कडेला लोंबायचा, आणि समोरच्या भल्यामोठ्या कूलरची गार हवा त्याच्यावर यायची. यंत्राला वाटायचं बाळ गार पडलं, की ते वाजायला लागायचं. कारखान्यात हे आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आमची बबली कोरडी, तिला तेल लावणारी आजी नाही. आणि ओलसर हवेने मोजमाप चुकतं म्हणून तपासणीच्या खोलीत आम्ही कूलर ठेवतच नव्हतो. नागपुरात राहून आम्ही कूलर विसरलो होतो.

मी सिस्टरांना म्हटलं, "तेल लावू देऊ नका."

"सांगून सांगून थकली मी," त्या म्हणाल्या. "अन् हे वाजलं का साऱ्या माया घाबरतात. काल एक टाके पडलेली बाई पळत आली, पडता पडता वाचली. तुम्ही याचा आवाज तेवढा कमी करून द्या."

आवाज कमी करायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मीच नव्या पोरांना तो शिकवायचो. पण समोर सिस्टरांचा थकलेला चेहरा होता आणि खाटांवरून चार आया माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, थोडंसं. आवाज जिथून येतो तिथे यंत्राच्या मागे बारीक भोकं असतात. सिस्टरांच्याच ट्रेमधली बोटभर चिकटपट्टी घेतली आणि अर्ध्याअधिक भोकांवर लावली. मग यंत्र वाजवून पाहिलं. आवाज मवाळ झाला होता, पण नीट ऐकू येत होता. सिस्टर म्हणाल्या, "देव भलं करो तुमचं." मी चहा पिऊन निघालो.

मी आवाज तपासला तेव्हा कूलर बंद होता. शिपाई त्यात पाणी भरत होता. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

आठ-दहा दिवसांनी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. "तिथल्या डॉक्टरांचा फोन होता. म्हणतात, तुमच्या मशीनने बाळ तापवलं. आत्ता निघ."

रस्ताभर मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. यंत्राच्या कागदावर बाळाचं नाव होतं, बेबी ऑफ वनिता. बारशाआधी सगळी बाळं आईच्याच नावाने ओळखली जातात. वजन चौदाशे ग्रॅम. झालं होतं ते असं: प्रोब पुन्हा सुटला होता, कूलरच्या हवेत लोंबत होता, यंत्र बाळाला गार समजून हीटर वाढवत गेलं. ते वाजतही होतं, पण माझ्या पट्टीतून जेवढा आवाज बाहेर आला, तेवढा कूलरच्या घरघरीत बुडाला. शेंडे सिस्टर शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीपाशी होत्या. परत आल्या आणि सवयीने बाळाच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. चटका बसला. त्यांनी हीटर बंद केला, पोरीला उचललं, डॉक्टरांना हाक मारली. मी पोचलो तेव्हा पोर लालबुंद होती, अंगात ताप होता, आणि वनिता नावाची वीस-बावीस वर्षांची आई भिंतीला टेकून नुसती बसली होती. रडतही नव्हती.

डॉक्टर तरुण होते, संतापले होते. "मशीन तपासा," म्हणाले आणि पोरीकडे वळले. मी यंत्राच्या मागे बसलो. पट्टी तिथेच होती. मी ती नखाने काढली आणि खिशात टाकली. विचार केला नाही. हातच पुढे गेला. मग प्रोब हवेत धरला आणि यंत्र असं काही वाजलं की सगळा वॉर्ड दचकला.

डॉक्टर शेंडे सिस्टरांकडे वळले. "वाजते आहे की हे! एवढा आवाज येते अन् तुम्हाला ऐकू नाही आला? होता कुठं तुम्ही?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

मी रिपोर्ट लिहिला. "यंत्र व्यवस्थित चालू आहे. आवाज व्यवस्थित आहे." खाली सही केली. निघताना कळलं की दोन दिवसांनी वरून डॉक्टर चौकशीला येणार आहेत आणि सिस्टरांना निलंबित करण्याचं बोलणं चाललं आहे. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं उरली होती.

घरी आलो. आमच्या पुढच्या खोलीत तेव्हा बाबांचा माग होता. हातमागाचं काम जवळजवळ संपलं होतं, पण बाबा रोज दोन तास तरी बसायचेच. लुगड्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून पंचे विणायचे. मी ताटावरून उठलो तसे म्हणाले, "काहून जेवून नाही राहिला?"

मी बाबांशी कामाबद्दल कधी बोलायचो नाही. पोरगा विजेचं काहीतरी करतो, इतकंच त्यांना माहीत. त्या दिवशी सगळं सांगितलं. खिशातली पट्टीही दाखवली. ते ऐकत धोटा फेकत राहिले. मग थांबले.

"पोरगी जगन का?"

"डॉक्टर म्हणतात जगन."

"अन् त्या बाईचं का होईन?"

मी पट्टी परत खिशात टाकली.

"मागावर दोरा तुटला तर मी का करतो, तुले माहीत हाय," बाबा म्हणाले. "तिथंच थांबतो. गाठ मारतो. तसंच विणत गेलो तर त्या दिवशी कोणाले दिसत नाही. पण लुगडं कोणीतरी उलगडतेच ना गा. तवा मी कुठं लपू?" एवढं बोलून ते पुन्हा विणायला लागले.

सकाळी साहेबांसमोर पट्टी ठेवली. सगळं सांगितलं. मला वाटलं, काढून टाकतील. ते उठले, मोटारीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल."

चौकशी दुसऱ्या दिवशी होती, तरी आम्ही आदल्या दिवशीच दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरांसमोर उभे राहिलो. मी म्हटलं, "आवाजाच्या भोकांवर ही पट्टी मी लावली होती. काल मीच काढली. रिपोर्ट खोटा आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते अजून आठवतं. त्यांनी ती पट्टी एका कागदाला टाचली, खाली माझ्याकडून लिहून घेतलं आणि सही घेतली. साहेबांना म्हणाले, "तुमची मशीन उचला इथून." साहेबांनी मान डोलावली. सिस्टरांवरची कारवाई थांबली.

फाटकापाशी शेंडे सिस्टर उभ्या होत्या. "काल तुम्ही पट्टी काढली तवा मी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग बोलल्या काहून नाही?"

"आवाज कमी करा म्हणून मीच सांगितलं होतं ना. कोणत्या तोंडानं बोलू?" मग म्हणाल्या, "अन् तुम्ही स्वतःहून बोलता का, थे पाहून राहिली होती. एक दिवस उशीर केला तुम्ही."

मी विचारलं, "पोरगी?"

"आईच्या छातीशी बांधली. दूध पिऊन राहिली."

परतीच्या वाटेवर कन्हानच्या पुलावर साहेबांनी मोटारीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "आजपासून तू बाहेर जायचं नाही. तपासणीत बसायचं. जे तुला बाहेर दिसलं, ते आत आण." शिक्षा होती की बढती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बाहेरची भटकंती, डॉक्टरांशी भांडणं, आज्यांचे प्रश्न, हे सगळं मला फार आवडायचं. ते त्या दिवशी संपलं.

मग मी आत आणायला लागलो. तपासणीच्या खोलीत सर्वांत मोठा, सर्वांत जास्त घरघरणारा कूलर आणून ठेवला. बबलीला कापडाऐवजी रबराचं पोट लावलं आणि त्याला शेंगदाण्याचं तेल चोळलं. बायका म्हणाल्या, "भाऊ, आता काजळ पण लावून टाका तिले." प्रोब दर वेळी सुटला. चिकटपट्ट्या बदलून पाहिल्या, सगळ्या सुटल्या.

एके दिवशी बबलीला पंच्यात गुंडाळून मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि घरी निघालो. सिग्नलला एका बाईने मला असं झापलं, "एवढं लहान पोरगं उन्हात काहून आणलं? माय कुठं हाय त्याची?" मी सांगितलं, बाहुली आहे. तेव्हा तर तिने माझ्याकडे आणखीच संशयाने पाहिलं.

बाबांनी बबलीच्या पोटावर हात ठेवला. "श्वास घेतला का पोट वर येते," म्हणाले. "आवळून चालणार नाही. ताणा ढिला पाहिजे." आठवडाभर त्यांनी विणून उसवलं, विणून उसवलं. शेवटी दोन बोटं रुंदीचा सुती पट्टा झाला, मऊ, श्वासाबरोबर सैल होणारा, पण प्रोब जागेवरून हलू न देणारा. तेलावर टिकला, कूलरसमोर टिकला. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर प्रत्येक वॉर्मरबरोबर तसा एक पट्टा जायला लागला. कितीतरी वर्षं ते सगळे पट्टे बाबांनी विणले. मागाचं शेवटचं काम ते. चौकात कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "आम्ही बाप-लेक दवाखान्याचं काम करतो." मला ते ऐकायला फार आवडायचं.

आणि तपासणीच्या कार्डावर मी सर्वांत खाली एक ओळ वाढवून घेतली. 'कूलर चालू असताना आवाज स्वतःच्या कानाने ऐकला.' समोर तपासणाऱ्याची सही. नव्या पोरांना शिकवायचो, यंत्र वाजलं की आधी हात बाळाला, मग बटणाला. बटणाकडे आधी हात गेला की मी अंगावर धावून जायचो. पोरं मला मागे काय म्हणायची, ते मला माहीत आहे, इथे छापता येणार नाही.

महिन्याभराने सिस्टरांचा फोन आला होता. "तुमची पोरगी गेली घरी. अठराशे ग्रॅम." एवढंच बोलून ठेवला. तुमची पोरगी, म्हणाल्या. तिचं नाव काय ठेवलं, ते मला कधी कळलं नाही. आता ती शाळा-कॉलेजात असेल, कुठेतरी कूलरसमोर बसून अभ्यास करत असेल. माझ्यामुळे तिच्यावर काय बेतलं होतं, हे तिला माहीत नसेल. तिने मला माफ करावं असं वाटतं आणि तिला हे कधीच कळू नये असंही वाटतं.

बाबा गेले. माग मी मोडला नाही, पण वरच्या खोलीत नेऊन ठेवला. प्रोबसाठी आता तयार चकत्या येतात, तेलावरही चिकटतात. नव्या यंत्रांचा आवाज एका मर्यादेखाली कमीच करता येत नाही, भोकंही अशा जागी आहेत की पट्टी लावता येत नाही. ती जागा मीच सुचवली.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे, शाल झाली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात पोरं मला तपासणीच्या खोलीत घेऊन गेली. पाठवायला तयार असलेली एकवीस वॉर्मरं ओळीने उभी होती. कूलर घरघरत होता. सगळ्या प्रोबांच्या वायरी काढून लोंबत सोडलेल्या. कोणीतरी खूण केली आणि एकवीस यंत्रं एकदम वाजायला लागली. टाळ्यांऐवजी हा कार्यक्रम. बायकांनी कानांवर हात ठेवले, हसत होत्या, रडतही होत्या. कडेच्या गादीवर म्हातारी बबली उघडी पडली होती. मी आधी तिच्याकडे गेलो, पोटाला हात लावला, प्रोब नीट बसवला. मग एका नव्या मुलीने, भाषण ऐकू यावं म्हणून, बाकीची यंत्रं बंद करायला हात पुढे केला.

"वाजू दे वं," मी म्हटलं. "ऐकून राहिलो ना मी."

ती थांबली. मी ती सगळी ऐकली, एकेक करून. मग त्यांनी एकविसाव्या यंत्राचं कार्ड माझ्यापुढे धरलं, शेवटची सही करायला. 'आवाज स्वतःच्या कानाने ऐकला', त्या ओळीवर पेन टेकवताना मला दवाखान्यातल्या त्या रिपोर्टवरची सही आठवली. ती पुसता येत नाही. ही मात्र मी पूर्ण नावानिशी, सावकाश, बाबांच्या नावासकट केली.